अल्टेअर ८८००: पॅनेलवरच्या स्विचपासून बेसिकपर्यंत

जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर एक निळा-राखाडी डबा छापून आला. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्की गावच्या 'मिट्स' कंपनीने एड रॉबर्ट्स यांच्या देखरेखीखाली बनवलेला हा अल्टेअर ८८०० संगणक. सुट्या भागांचा संच ३९७ डॉलरला मिळायचा. इंटेल ८०८० प्रोसेसर, २ मेगाहर्ट्झचे घड्याळ आणि २५६ बाइट मेमरी एवढाच त्यातला ऐवज. की-बोर्ड नाही, पडदा नाही, चालू केल्यावर आपणहून काही सुरू करणारी रॉम, म्हणजे कायमची मेमरीही नाही. होते ते २५ स्विच आणि ३६ दिवे.

हौशी मंडळींची पहिली प्रोग्रॅमिंग भाषा बेसिक होती असे सगळीकडे लिहिलेले असते. खरे तर त्यांची पहिली भाषा म्हणजे हे स्विच. बेसिक यंत्रात शिरायचे तेही याच स्विचवरून हाताने भरलेल्या २० बाइटांच्या वाटेने. ते २० बाइट नीट कळले की पुढचे बेसिक इतके काटकसरी का आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. त्यामुळे या लेखात सुरुवात खालून केली आहे.

यंत्र कोणते घ्यायचे

मूळ यंत्र, अलीकडे मिळणारी हुबेहूब प्रतिकृती किंवा संगणकावरचा सिम्युलेटर, या तिन्हींवर खालच्या पायऱ्या जशाच्या तशा चालतात. शिकण्यापुरता सिम्युलेटर पुरे. सिमएच या प्रसिद्ध संचात अल्टेअर आहे, पण तिथे पॅनेलचे स्विच हाताला लागत नाहीत. तेव्हा पॅनेलचे चित्र दाखवणारा सिम्युलेटर शोधा, किंवा आर्डुइनो ड्यूवर चालणारी, खरे स्विच असलेली प्रतिकृती जोडा.

मूळ यंत्र हाती आलेच तर दोन गोष्टी सांभाळा. अमेरिकेतून आलेले यंत्र ११० व्होल्टचे असते, आपल्याकडच्या २३० व्होल्टवर ते थेट लावू नका, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. पन्नास वर्षांपूर्वीचे मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर एकदम पूर्ण दाबावर घातले तर फुटतात. कार्डे काढून ठेवा आणि व्हेरिअॅकने (दाब कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) व्होल्टेज हळूहळू चढवा.

दुसरी गोष्ट एस-१०० बसची, म्हणजे सगळी कार्डे जिच्यात बसतात त्या सामाईक जोडणीची. १०० पिनांच्या या बसवर पिन १ ला सुमारे ८ व्होल्ट आणि तिला अगदी खेटून असलेल्या पिन २ ला सुमारे १६ व्होल्ट असतात, आणि ५ व्होल्ट करण्याचे काम प्रत्येक कार्डावरचा रेग्युलेटर करतो. कार्ड एक पिन सरकून बसले की ८ च्या जागी १६ व्होल्ट जातात आणि रेग्युलेटरपासून पुढे सगळेच धोक्यात येते. वीज चालू असताना कार्ड घालायचे नाही, काढायचेही नाही.

पॅनेल वाचायला शिका

वरच्या बाजूला डेटाचे ८ आणि अवस्था दाखवणारे दिवे, मधल्या ओळीत पत्त्याचे १६ दिवे, त्यांच्या खाली ए१५ ते ए० असे १६ स्विच. पत्ता देताना सोळाही स्विच कामाला येतात, डेटा देताना फक्त उजवीकडचे आठ. डावीकडच्या आठांना 'सेन्स स्विच' म्हणतात, चालू प्रोग्रॅम पोर्ट (प्रोसेसरची बाहेरच्या उपकरणांशी जोडणारी क्रमांकित वाट) ३७७ वरून ते वाचू शकतो. त्याखालची रांग नियंत्रणाची: स्टॉप-रन, सिंगल स्टेप, एक्झॅमिन, डिपॉझिट, रीसेट, प्रोटेक्ट वगैरे. स्विच वर म्हणजे १, खाली म्हणजे ०.

पॅनेलवर स्विच उजवीकडून तीन-तीनच्या गटात विभागले आहेत, कारण मिट्सचा सगळा कारभार अष्टमान पद्धतीत, म्हणजे ० ते ७ या आठच अंकांत चालायचा. एका बाइटचे तीन अंक होतात: पहिला अंक २ बिटांचा, उरलेले दोन प्रत्येकी ३ बिटांचे. ०७२ म्हणजे ०० १११ ०१०. डावीकडचे दोन स्विच खाली, मग तीन वर, मग खाली-वर-खाली. सवय झाली की बोटे आपोआप चालतात.

इंजिनिअरिंगला ८०८५ चा किट वापरलेल्यांच्या डोक्यात याच सूचना षोडशमान आकड्यांत बसलेल्या असतात. त्यांना अष्टमान जुनाट वाटेल, पण ८०८० साठी तोच जास्त बोलका आहे. प्रोसेसरच्या सूचनांची रचनाच २-३-३ बिटांची आहे. रजिस्टरांचे, म्हणजे प्रोसेसरमधल्या एकेका बाइटाच्या कप्प्यांचे क्रमांक पाठ करा: बी ०, सी १, डी २, ई ३, एच ४, एल ५, मेमरी ६, ए ७. आता १०७ वाचा. १ म्हणजे हलवा, ० म्हणजे बी मध्ये, ७ म्हणजे ए मधून. १६७ म्हणजे ए मधला आकडा मेमरीत. २ ने सुरू होणारी सूचना गणिताची: २०० म्हणजे ए मध्ये बी मिळवा, २७५ म्हणजे ए ची एल शी तुलना करा, २५२ म्हणजे ए आणि डी चा एक्स-ऑर. षोडशमानात हेच ४७, ७७, ८०, बीडी, एए असे दिसते आणि त्यावरून काहीच उमगत नाही. थोड्या सरावाने निम्म्या सूचना तक्ता न बघता लिहिता येतात.

एक सापळा मात्र ध्यानात ठेवा. १६ बिटांचा पत्ता दोन वेगवेगळ्या बाइटांत लिहायची पद्धत आहे: ०१७ ००० म्हणजे वरचा बाइट ०१७, खालचा ०००. पॅनेलवरचे गट मात्र सलग १६ बिटांवर पाडलेले आहेत, त्या हिशेबाने हाच पत्ता ००७४०० होतो. पत्ता लावताना गटांकडे दुर्लक्ष करून ए१५ ते ए८ हा एक बाइट आणि ए७ ते ए० हा दुसरा, असेच मोजा.

पहिला प्रोग्रॅम: बेरीज

हा मिट्सच्याच माहितीपुस्तकातला नमुना. पत्ता २०० आणि २०१ वरचे आकडे मिळवून उत्तर २०२ वर ठेवायचे. डावीकडे पत्ता, उजवीकडे बाइट, सगळे अष्टमानात.

००० : ०७२ (पुढच्या पत्त्यावरचा आकडा ए मध्ये घ्या)
००१ : २००
००२ : ०००
००३ : १०७ (ए मधला बी मध्ये)
००४ : ०७२
००५ : २०१
००६ : ०००
००७ : २०० (बी मिळवा)
०१० : ०६२ (ए पुढच्या पत्त्यावर ठेवा)
०११ : २०२
०१२ : ०००
०१३ : ३०३ (पुढच्या पत्त्यावर उडी)
०१४ : ०००
०१५ : ०००

पत्त्यात खालचा बाइट आधी येतो, वरचा नंतर. ००७ नंतर थेट ०१० येते, हे अष्टमान आहे हे विसरून ००८ शोधत बसणारे पुष्कळ.

भरण्याची कृती अशी. स्टॉप दाबा, मग रीसेट. सोळाही स्विच खाली करून एक्झॅमिन वर उचला, पत्त्याचे सगळे दिवे विझतील. उजवीकडच्या आठ स्विचवर ०७२ लावा आणि डिपॉझिट वर उचला. डेटाच्या दिव्यांत तोच आकडा उमटला पाहिजे. पुढचा प्रत्येक बाइट लावून तोच स्विच खाली दाबा, म्हणजे 'डिपॉझिट नेक्स्ट'. पत्ता आपोआप एकाने वाढतो आणि बाइट तिथे बसतो.

सर्वाधिक चुका पहिल्याच बाइटला होतात. तिथे 'डिपॉझिट'ऐवजी 'डिपॉझिट नेक्स्ट' दाबले तर बाइट ००१ वर जातो आणि पुढचा सगळा प्रोग्रॅम एका घराने सरकतो. वाचून बघितले तर आकडे बरोबर, क्रमही बरोबर, तरी चालत नाही. म्हणून तपासताना डेटाबरोबर पत्त्याचे दिवेही वाचा: स्विच खाली, एक्झॅमिन, मग प्रत्येक घराला एक्झॅमिन नेक्स्ट.

आता पत्ता २०० (स्विच ए७ वर, बाकी खाली) एक्झॅमिन करा, ००३ डिपॉझिट करा, मग ००५ डिपॉझिट नेक्स्ट. पुन्हा पत्ता ० वर येऊन रन दाबा. दिवे अर्धवट उजळून थरथरल्यासारखे दिसतील. स्टॉप दाबा, पत्ता २०२ (ए७ आणि ए१ वर) एक्झॅमिन करा. डेटामध्ये फक्त डी३ चा एक दिवा लागलेला असेल: ०१०, म्हणजे आठ. ३७७ आणि ००१ घालून बघा, उत्तर ००० येते. हातचा गेला कुठे, तर प्रोसेसरच्या कॅरी बिटात, आणि आपल्या प्रोग्रॅमने तो विचारलाच नाही.

शेवटी थांबायचे सोडून पुन्हा शून्यावर उडी का? ८०८० ला थांबण्याची सूचना आहे, १६६. पण ती चालली की अल्टेअरचे पॅनेल नुसत्या स्टॉपला दाद देत नाही, स्टॉप धरून ठेवून रीसेट करावे लागते. एक्झॅमिन दाबल्यावर पॅनेल प्रोसेसरच्या पुढ्यात ३०३ ही उडीची सूचना आणि स्विचवरचा पत्ता सरकवते, एक्झॅमिन नेक्स्टला ००० म्हणजे 'काही करू नका' ही सूचना. म्हणजे पॅनेल स्वतः मेमरी वाचतच नाही, वाचतो तो प्रोसेसर. तो थांबला की पॅनेल आंधळे.

वेगाचा हिशेब हाताने करून बघण्यासारखा आहे. ०७२ ला १३ ठोके, १०७ ला ५, पुन्हा १३, २०० ला ४, ०६२ ला १३, उडीला १०, मिळून ५८. मेमरी प्रोसेसरला ताटकळत ठेवत नसेल तर २ मेगाहर्ट्झला एक ठोका अर्ध्या मायक्रोसेकंदाचा, म्हणजे एक फेरी २९ मायक्रोसेकंदांत आणि सेकंदाला सुमारे ३४,५०० बेरजा. सिंगल स्टेपने चालवले तर एका दाबाला एक मशीन सायकल पुढे जाते, सूचना नव्हे. ०७२ ला अशा चार सायकली लागतात आणि चौथीत पत्त्याच्या दिव्यांत २०० दिसेल.

अडले तर ही लक्षणे बघा. बाइट बसतच नाही आणि 'प्रॉट' दिवा लागलेला आहे: मेमरी संरक्षित आहे, अनप्रोटेक्ट दाबा. कुठल्याही पत्त्यावर ३७७ दिसते: तिथे मेमरीच नाही, रिकामी बस सगळे १ दाखवते. चालू केल्यावर मेमरीत अगम्य आकडे: हे ठीकच आहे, वीज गेली की सगळे पुसले जाते.

दिव्यांचा खेळ, २४ बाइटांत

लोडरकडे (बेसिक यंत्रात आणणाऱ्या त्या २० बाइटांकडे) जाण्याआधी हात बसवायला 'किल द बिट' भरा. १९७५ मध्ये डीन मॅकडॅनिएल यांनी लिहिलेला हा खेळ. पत्ता ००० पासून सलग:

०४१ ००० ०००
०२६ २००
००१ ०१६ ०००
०३२ ०३२ ०३२ ०३२
०११
३२२ ०१० ०००
३३३ ३७७
२५२
०१७
१२७
३०३ ०१० ०००

सेन्स स्विच सगळे खाली ठेवून ० पासून चालवा. ए१५ ते ए८ च्या दिव्यांत एक दिवा उजवीकडे धावतो. तो जिथे असेल नेमका त्याच खालचा स्विच क्षणभर वर करून खाली आणा, तो मरतो. नेम चुकला तर आणखी एक दिवा जन्माला येतो.

यातली गंमत अशी की दिवा लावणारे पोर्ट वगैरे काही नाही. धावणारा बिट डी रजिस्टरमध्ये आहे. ०३२ ही सूचना डीई (डी आणि ई मिळून होणाऱ्या) पत्त्यावरची मेमरी वाचते. वाचून काय आले याच्याशी देणे-घेणे नाही, पण वाचताना तो पत्ता बसवर येतो आणि पत्त्याचे दिवे लागतात. चार वेळा वाचायचे ते दिवा ठळक दिसावा म्हणून.

वेग ठरतो ०१६ या बाइटवर. एचएल मध्ये दर फेरीला १४ मिळवत ६५,५३६ ओलांडेपर्यंत सुमारे ४,६८१ फेऱ्या होतात, प्रत्येक फेरी ४८ ठोक्यांची म्हणजे २४ मायक्रोसेकंदांची. म्हणून बिट दर ०.११ सेकंदाला एक घर सरकतो. ०१६ च्या जागी ००७ घाला, वेग निम्मा होईल.

वीस बाइटांचा लोडर

आता बेसिक. अल्टेअरसाठी बेसिक लिहिण्याचा प्रस्ताव मिट्सकडे नेला तेव्हा पॉल ॲलन आणि बिल गेट्स यांच्याजवळ अल्टेअर नव्हताच. ॲलन यांनी हार्वर्डच्या पीडीपी-१० संगणकावर ८०८० ची नक्कल करणारा सिम्युलेटर लिहिला, गेट्स यांनी त्यावर बेसिक रचले आणि अपूर्णांकांच्या गणिताचा भाग माँटे डेव्हिडॉफ यांनी. फीत (बेसिक जिच्यावर छिद्रांच्या रूपात यायचे ती कागदी पट्टी) मेमरीत घेणारा लोडर राहून गेला होता, तो ॲलन यांनी अल्बुकर्कीला जाताना विमानात लिहिला. पुढे तो घासून घासून इतका लहान झाला:

००० : ०४१ १७५ ०१७
००३ : ०६१ ०२२ ०००
००६ : ३३३ ०००
०१० : ०१७
०११ : ३३०
०१२ : ३३३ ००१
०१४ : २७५
०१५ : ३१०
०१६ : ०५५
०१७ : १६७
०२० : ३००
०२१ : ३५१
०२२ : ००३ ०००

हे ४के (४०९६ बाइट मेमरीच्या) बेसिकसाठी आणि टर्मिनल जोडायच्या मूळच्या एसआयओ सिरियल कार्डासाठी. ८के साठी ०१७ च्या जागी ०३७. दुसरा बाइट, १७५, बेसिकच्या आवृत्तीप्रमाणे बदलतो. तो फितीच्या सुरुवातीला सतत येणाऱ्या बाइटाएवढाच असला पाहिजे. सिम्युलेटरसाठी मिळालेली फाइल उघडून पहिले काही बाइट बघा, एकच आकडा ओळीने दिसेल, तोच इथे घाला. बेसिक लोड न होण्याचे पहिले कारण बहुतेक वेळा इथेच सापडते.

आता याची करामत. ०२२ आणि ०२३ वर ००३ ००० म्हणजे पत्ता ३ लिहिलेला आहे. ०६१ ने स्टॅक (परतीचे पत्ते ठेवायची जागा) तिथे टेकवला. त्यामुळे 'परत फिरा' अशी कोणतीही सूचना म्हणजे पत्ता ३ वर उडी, आणि पत्ता ३ वर स्टॅक पुन्हा जागेवर बसतो. उडीला तीन बाइट लागतात, परतीला एक. तीन ठिकाणी अशी परत आहे, सहा बाइट वाचले.

पोर्ट ० वाचून (३३३ ०००) त्याचा शेवटचा बिट कॅरीत ढकलला (०१७). तो १ असेल तर अक्षर अजून आलेले नाही, परत (३३०). आले असेल तर पोर्ट १ वरून घ्या. ते एल इतकेच असेल तर ते फितीच्या सुरुवातीचे, टाकून द्या (३१०). नाही तर एल एकाने कमी करा, बाइट मेमरीत ठेवा, आणि एल शून्य झाला नसेल तर पुन्हा पत्ता ३. शून्य झाला की ३५१ ने एचएल च्या पत्त्यावर, म्हणजे ०१७ ००० वर उडी. अशा रीतीने १२५ बाइटांचा दुसरा, मोठा लोडर उलट्या क्रमाने वरून खाली भरला जातो. म्हणूनच त्या १२५ बाइटांतला कोणताही बाइट आपल्या पाळीच्या वेळी एल जितका असून चालत नाही, तो टाकला जाईल. फीत बनवणाऱ्याला हे सांभाळावे लागायचे.

हा दुसरा लोडर ४के मेमरीच्या सगळ्यात वरच्या २५६ बाइटांच्या पानात बसतो. तिथूनच तो बेसिक पत्ता ० पासून भरतो आणि भरताना आपण हाताने घातलेले २० बाइट पुसून टाकतो. लोडिंग मध्येच बिघडले तर ते पुन्हा भरावे लागतात. वीसच का असायला हवेत, हे तिसऱ्यांदा भरताना पटते.

नंतरचे २एसआयओ कार्ड असेल (बहुतेक सिम्युलेटरांत हेच असते) तर सुरुवातीला ०७६ ००३ ३२३ ०२० ०७६ ०२१ ३२३ ०२० हे आठ बाइट घाला. त्याने सिरियल चिप आधी रीसेट होते, मग ८ डेटा आणि २ स्टॉप बिटांवर बसते. बाकीचा लोडर आठ घरे पुढे सरकतो: स्टॅकचा पत्ता ०२२ ऐवजी ०३२, शेवटी ००३ ऐवजी ०१३, पोर्ट ० आणि १ च्या जागी ०२० आणि ०२१. आणखी एक फरक हटकून विसरला जातो. या कार्डावर तयार असल्याची खूण १ आहे, ० नव्हे. तेव्हा ३३० च्या जागी ३२०. हे राहिले तर लोडर अक्षर नसताना वाचतो आणि असताना थांबतो.

मग क्रम असा: लोडर भरा, एक्झॅमिन नेक्स्टने तपासा, पत्ता ० वर या, आवृत्तीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे सेन्स स्विच लावा (पत्ता लावून झाल्यावर, आधी नव्हे), फीत रीडरमध्ये घाला, रन दाबा आणि रीडर सुरू करा. त्या काळचा टेलिटाइप (की-बोर्ड, छपाई आणि फीत एकत्र असलेले टंकयंत्र) एएसआर-३३ सेकंदाला १० अक्षरे वाचायचा. फितीवर इंचाला १० बाइट. ४०९६ बाइट म्हणजे जवळजवळ ३४ फूट फीत आणि सात मिनिटे. ८के ला त्याच्या दुप्पट. सिम्युलेटरमध्ये वेग वाढवता येतो, पण पहिल्यांदा मूळ वेगानेच चालू द्या, काय बिघडते ते दिसते.

दिवे बघत राहा. सुरुवातीचा भाग वाचला जात असताना पत्त्याचे फक्त खालचे दिवे हलतात. दुसरा लोडर चालू झाला की वरचेही. फीत पुढे सरकते आहे आणि नमुना बदलतच नाही, तर सुरुवातीचा बाइट चुकला आहे. 'आयएनटीई' दिवा लागला आणि टर्मिनलवर एकच अक्षर उमटत राहिले तर सी म्हणजे बेरीज-तपासणी जुळली नाही (फीत मळलेली, किंवा वेग जास्त), एम म्हणजे लिहिलेला बाइट मेमरीत टिकला नाही, ओ म्हणजे भरणारा मजकूर लोडरवरच येतो आहे.

मेमरीची ही तक्रार तेव्हा घरोघरची होती. मिट्सची ४के डायनॅमिक कार्डे बेभरवशाची निघाली, आणि प्रोसेसर टेक्नॉलॉजीसारख्या नव्या कंपन्यांची स्टॅटिक कार्डे खपू लागली. मिट्सने मात्र बेसिकची सवलत स्वतःच्या मेमरी कार्डांशी बांधली होती. मेमरी दुसरीकडून घेणाऱ्याला बेसिक महाग पडायचे. म्हणून लोकांनी काय केले? जून १९७५ मध्ये पालो आल्टोच्या एका हॉटेलात मिट्सचे प्रात्यक्षिक होते, तिथून बेसिकची एक फीत नाहीशी झाली आणि हौशी मंडळींच्या होमब्रू कॉम्प्युटर क्लबात तिच्या प्रती वाटल्या गेल्या. ३ फेब्रुवारी १९७६ च्या खुल्या पत्रात गेट्स यांनी लिहिले की अल्टेअरधारकांपैकी १० टक्क्यांहूनही कमी लोकांनी बेसिक विकत घेतले आहे. चोरीची बाजू घेण्याचे कारण नाही, पण बिघडणाऱ्या कार्डाशी भाषा जखडणे हा धंद्याचा शहाणपणाही नव्हता.

४के बेसिकमध्ये पाऊल

लोड झाले की टर्मिनल विचारते: 'मेमरी साइझ?' नुसते रिटर्न दाबा, ते स्वतः मेमरी तपासून शेवट शोधते. वरचा भाग स्वतःच्या मशीन-भाषेतल्या तुकड्यासाठी राखायचा असेल तरच आकडा द्या. मग 'टर्मिनल विड्थ?' रिटर्न दाबल्यास ७२. मग 'वाँट साइन?' या प्रश्नाला नको म्हटले तर ते फंक्शन पुसून जागा मोकळी करते आणि पुढच्या फंक्शनाबद्दल विचारते. ४के यंत्रात सगळे नको म्हणा. तरी प्रोग्रॅमसाठी उरतात जेमतेम ७००-८०० बाइट. या पानाचा एक परिच्छेदही त्यात मावणार नाही.

म्हणून हिशेब शिका. यंत्रावर हे रोमन मोठ्या अक्षरांत टंकायचे, इथे उच्चाराप्रमाणे दिले आहे.

१० फॉर आय=१ टू १०
२० प्रिंट आय,आय*आय
३० नेक्स्ट आय

प्रत्येक ओळीला ५ बाइट वरखर्च: पुढच्या ओळीचा पत्ता २, ओळीचा क्रमांक २, शेवटचे शून्य १. फॉर, टू, प्रिंट, नेक्स्ट हे शब्द आत प्रत्येकी १ बाइट होऊन बसतात, पण मोकळ्या जागा जशाच्या तशा साठवल्या जातात. वरच्या ओळी जागा न सोडता टंकल्या तर १२, ११ आणि ७ असे ३० बाइट. नेहमीसारख्या जागा सोडल्या तर ३५. कोलन (:) वापरून सगळे एकाच ओळीत लिहिले तर २२. ३५ चे २२ झाले, काम तेच. त्या काळच्या छापील प्रोग्रॅमांतला तो खचाखच भरलेला, वाचवत नाही असा मजकूर आळसातून आलेला नाही.

चलाला ६ बाइट: नाव २, किंमत ४. ॲरेच्या प्रत्येक घराला ४. डिम ए(१००) म्हटले की ० ते १०० अशी १०१ घरे, ४०४ बाइट, म्हणजे अर्धी जागा एका ओळीत संपली. ओएम एरर (मेमरी संपली) आला तर आधी डिमकडे बघा. एसएन म्हणजे वाक्यरचना चुकली, यूएस म्हणजे ज्या ओळीवर जायला सांगितले ती नाहीच. किंमत ४ बाइटांची अपूर्णांकी असते, छापताना सहाच अंक मिळतात. ०.१ दहादा मिळवून बेरीज १ शी तंतोतंत जुळते का असे कधीही विचारू नका, मोजणी पूर्णांकांत करा आणि छापताना भागा.

४के मध्ये अक्षरमाला (स्ट्रिंग) नाहीत, मेमरी थेट वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या पीक आणि पोक नाहीत. ॲरे एकाच दिशेचे. शब्दांचा खेळ लिहायचा असेल तर ८के च लागते.

मेमरीच कमी असेल तर दुसरी वाट आहे. पीपल्स कॉम्प्युटर कंपनीच्या पत्रकात डेनिस ॲलिसन यांनी फक्त पूर्णांक जाणणाऱ्या टायनी बेसिकचा आराखडा मांडला. टेक्सासच्या डिक व्हिपल आणि जॉन आर्नल्ड यांनी तो अल्टेअरवर उतरवला आणि आपले काम अष्टमान आकड्यांच्या यादीत फुकट छापायला दिले. मे १९७६ मध्ये ली-चेन वांग यांचे पालो आल्टो टायनी बेसिक आले: ए ते झेड ही २६ चले, एक ॲरे, अधिक-उणे ३२,७६७ पर्यंतचे आकडे. त्याच्या माथ्यावर 'कॉपीलेफ्ट, ऑल राँग्ज रिझर्व्हड' असे लिहिलेले होते. इंटरप्रिटर आतून कसा चालतो हे शिकायचे असेल तर आजही याचीच यादी घेऊन बसावे.

लिहिलेले जपून ठेवणे

४के बेसिकमध्ये साठवण्याची आज्ञा नाही. टेलिटाइपवर लिस्ट टंका, रिटर्न दाबण्याआधी फीत भोसकणारा पंच चालू करा, मग रिटर्न. परत आणताना न्यू म्हणा आणि तीच फीत रीडरमधून वाचू द्या, यंत्राला वाटते कोणी टंकते आहे.

सिम्युलेटरवर हेच काम मजकूर चिकटवून होते आणि तिथेच बरेच जण अडतात: ओळींची पहिली अक्षरे गायब होतात. रिटर्न आल्यावर बेसिक ती ओळ आकुंचित करून योग्य जागी सरकवत असते आणि तेवढ्या वेळात आलेली अक्षरे साठवायला सिरियल कार्डापाशी जागा नसते. टर्मिनलच्या सेटिंगमध्ये प्रत्येक ओळीनंतर थांबा द्या, २०० मिलिसेकंदांपासून सुरू करा, प्रोग्रॅम मोठा असेल तर वाढवा. ८के मध्ये यासाठी नल ही आज्ञा आहे, ती प्रत्येक ओळीनंतर फितीवर निरर्थक बाइट भोसकते. फीत संपताना एसएन एरर दिसला तर घाबरू नका. लिस्ट संपल्यावर बेसिकने छापलेले 'ओके' फितीवर भोसकले गेले होते आणि आता ते आज्ञा म्हणून वाचले गेले, एवढेच.